दुपारची सुई

येडशीच्या सरकारी शाळेवर गोरोबा मास्तरांची बदली झाली तेव्हा गावाला त्यांच्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, की हा तेरच्या कुंभाराचा मुलगा. चाकावर बसायचं सोडून बुकं शिकला, उर्दूची परीक्षा पास झाला आणि निजाम सरकारचा नोकर बनला. माणूस बुटका, अंगानं भरलेला. आवाज मात्र असा, की पाढे म्हणून घ्यायला लागले की स्टेशनावरच्या हमालांनाही ऐकू जावं. शाळा म्हणजे एक लांबट खोली, पुढं ओटा, मागं लिंबाचं झाड. चारही इयत्ता त्याच खोलीत, चार दिशांना तोंडं करून बसलेल्या. मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यातल्याही निम्म्या सुगीच्या दिवसांत गायब.

शिवकांता कधी गायब व्हायची नाही. ती शरणप्पा वाण्यांची थोरली मुलगी. शरणप्पांचं भुसाराचं दुकान धाराशिवला आणि घर येडशीत; सकाळी निघायचे ते दिवे लागताना परत यायचे. घर लिंगायताचं, बोलण्यात मराठीइतकंच कानडी. मुलं वडलांना आप्पा म्हणत आणि आईला, शांताक्कांना, अव्वा. शिवकांता बसायची दुसरीच्या रांगेत आणि कान द्यायची तिसरीकडं. तिसरीच्या मुलांना घातलेलं गणित त्यांच्या आधी हिच्या पाटीवर सुटलेलं असे. मास्तर वरवर रागवायचे, तुला कुणी विचारलं म्हणायचे, आणि घरी जाऊन बायकोला, सारजाबाईंना, सांगायचे की असं डोकं दहा गावांत शोधून मिळायचं नाही.

सेहेचाळीस सालच्या पावसाळ्याअखेरीस ही मुलगी एकाएकी वाळायला लागली. पाणी तर इतकं प्यायची, की शाळेचा माठ दुपारपर्यंत तळाला जाई. घडीघडी करंगळी दाखवून बाहेर जायची. मास्तरांना वाटलं, पोर लाडावली. एकदा त्यांनी तिला सगळ्यांदेखत विचारलं, की तू शिकायला येतीस का पाणी प्यायला, आणि दाराशी उभं केलं. ती उभी राहिली. थोड्या वेळानं भिंतीला टेकली, मग सरकत सरकत खाली बसली आणि तिथंच झोपून गेली. मास्तरांनी वाकून तिचा चेहरा पाहिला. त्यांनी तिला उचलून घरी पोचवलं. दारात शांताक्का म्हणाल्या, की न्हाणीत पोर जाऊन आली की मुंग्या लागतात, आठ दिवस झाले.

शरणप्पा दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन छोट्या रेल्वेनं बार्शीला गेले. बार्शी निजामाच्या हद्दीबाहेर, तिकडं मोठे डॉक्टर होते. परत आले ते बऱ्याच दिवसांनी, आणि घरी सामान टाकून थेट शाळेत आले. ओट्यावर बसले, पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि सांगायला लागले. रोग मधुमेहाचा. म्हाताऱ्या माणसांना होतो तो नव्हे, पोरांना होतो तो. बरा होत नाही. इन्शुलिन नावाचं औषध मुंबईहून येतं, ते सुईनं अंगात घालायचं, रोज, जेवणाच्या आधी, जन्मभर. सुई दिली आणि जेवण चुकलं तर घाम फुटून पोर बेशुद्ध पडेल, तेव्हा गूळ तोंडात घालायचा. एरवी गोडाचा कण द्यायचा नाही.

"आणि सुई थांबली तर?" मास्तरांनी विचारलं.

शरणप्पा म्हणाले, "त्ये म्या बी विचारलं. डॉक्टर खिडकीतनं भाईर बघत बसले."

मग ते मूळ कामावर आले. सकाळ-संध्याकाळची सुई ते स्वतः देत होते. दुपारची कोण देणार? शांताक्कांनी पहिल्या दिवशी सुई हातात घेतली, पोरीचा दंड धरला आणि तिथंच त्यांना घेरी आली. तेव्हापासून सुई दिसली की त्या परसात निघून जात. त्यामुळं आता पोरीला रोज दुकानावर बरोबर न्यायचं, दुपारची सुई तिथं द्यायची, असं शरणप्पांनी ठरवलं होतं. शाळा पुरे झाली, नाव कमी करा, असं सांगायला ते आले होते.

शिवकांता वडलांच्या मागं खांबाला धरून उभी होती. ती फक्त आत चाललेल्या तिसरीच्या गणिताकडं बघत होती.

मास्तर म्हणाले, "आप्पा, नाव राहू द्या. दुपारची सुई मी देतो."

पुढच्या शुक्रवारी, निजामी रिवाजाप्रमाणं, शाळेला सुट्टी होती. मास्तर स्वतःच्या खर्चानं बार्शीला गेले. डॉक्टरांनी त्यांच्यापुढं मोसंबं ठेवलं आणि त्यात पाण्याची सुई टोचून टोचून त्यांचा हात बसवला. नंतर मास्तरांनी आपल्याच मांडीत टोचून बघितलं, म्हणजे पोरीला किती दुखतं ते कळावं. औषध गारव्यात ठेवायचं होतं. गावात बर्फ कुठला? मास्तरांनी तेरला भावाला निरोप धाडला. भावानं मुद्दाम दोन मडकी घडवून पाठवली, एकात एक बसतील अशी. मधल्या जागेत वाळू, वाळूवर पाणी, आतल्या मडक्यात बाटल्या. हे मडकं शाळेच्या उत्तरेच्या कोपऱ्यात, सरकारी नकाशाखाली राहू लागलं.

दुपारची घंटा झाली की मास्तर लिंबाखाली तीन दगडांवर पितळेच्या भांड्यात सुई उकळत. सुई बोथट झाली की सहाणेवर घासून तिला धार लावत. शिवकांताच्या घरातल्या एका म्हाताऱ्या आत्यानं कुरकुर केली, की परक्या पुरुषानं पोरीच्या दंडाला हात लावायचा म्हणजे काय. शरणप्पांनी तिला एवढंच म्हटलं, की मग उद्यापासून तुम्ही द्या. तो विषय तिथंच मिटला.

पहिल्या महिन्यातच मास्तर एकदा चुकले. शिवकांता फळ्यासमोर उभी होती आणि साधी वजाबाकी तिला जमेना. मास्तरांनी दोनदा समजावलं. तिनं खडू फेकून दिला आणि मोठ्यानं म्हणाली, "मला न्हाई करायची, जा." असं ती कधी बोलत नसे. मास्तरांनी छडी उचलली. तेवढ्यात तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब त्यांना दिसले, आणि पाय लटलटताना दिसले. छडी टाकून त्यांनी गुळाचा खडा तिच्या तोंडात कोंबला, पाणी पाजलं. जरा वेळानं ती भानावर आली आणि खडू खाली कसा पडला म्हणून विचारू लागली. त्या दिवशी मास्तरांनी सगळ्या शाळेला पुढ्यात बसवून सांगितलं, की शिवकांता विनाकारण भांडायला लागली, तिला घाम आला, ती अडखळायला लागली, तर कुणीही उठून गूळ द्यायचा, मास्तरांची वाट बघायची नाही. पोरांनी हे काम असं मनावर घेतलं, की बिचारीला साधं चिडायची सोय राहिली नाही. गोट्यांवरून भांडण झालं तरी कुणीतरी गूळ घेऊन धावे. आणि सिदू नावाचा एक वांड पोरगा तर आपलेच पाय थरथरवून दाखवी आणि मलाही गूळ द्या म्हणे. शिवकांताही त्यावर खळखळून हसे.

निजाम सरकारांच्या सालगिरहला, म्हणजे वाढदिवसाला, शाळेत मिठाई वाटायचा हुकूम असे. त्या साली तपासणीचे साहेब स्वतः आले होते. त्यांनी हातानं एकेकाला बत्तासे दिले. शिवकांतानं दोन्ही हात पुढं करून घेतले, वाकून सलाम केला. साहेब पुढं सरकले तसे तिनं ते बत्तासे शेजारच्या मुलीच्या ओच्यात टाकले आणि तळहात परकराला पुसून टाकला. पुसण्याआधी तो एकदा नाकाशी नेऊन हुंगला. मास्तरांनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

असं दीड वर्ष गेलं. मुलगी बारीकच राहिली, पण उंच झाली. तिसरीचं गणित आधीच येत होतं, म्हणून मास्तरांनी तिला दुसरीतून एकदम चौथीत बसवलं होतं. चौथीची सरकारी परीक्षा पास झाली की धाराशिवच्या मोठ्या शाळेत जाता येत असे. येडशीतून तिथं आजवर एकही मुलगी गेली नव्हती. मास्तरांनी ते मनात घेतलं. शाळा सुटल्यावरही ते तिला थांबवून गणितं घालत. मुलीपेक्षा त्यांनाच त्या परीक्षेची तहान लागली होती, असं सारजाबाई म्हणायच्या, आणि ते खोटं नव्हतं.

अठ्ठेचाळीस साल उजाडलं तसे दिवस बिघडत गेले. इंग्रज गेले होते, आणि निजामाचं राज्य हिंदुस्थानात जाणार की नाही यावरून मुलखात पेटलं होतं. हद्दीवर नाके बसले. मालाची तपासणी होऊ लागली. आज या गावाची बातमी, उद्या त्या गावाची. ज्यांचं पलीकडं कुणी होतं ते बायकामुलांना घेऊन बार्शी-सोलापूरकडं निघून जाऊ लागले. शाळेत रांगा विरळ झाल्या.

होळी झाली आणि शरणप्पा मास्तरांकडं आले. बार्शीत त्यांचे साडू होते, कल्याणप्पा नावाचे. शांताक्का आणि मुलांना त्यांच्याकडं नेऊन ठेवावं, असं त्यांच्या मनात होतं. औषधही तिथंच मिळेल. मास्तरांचं काय मत?

मास्तरांनी मडक्यातल्या बाटल्या मोजून दाखवल्या. औषध उन्हाळाभर पुरेल म्हणाले. परीक्षा महिन्यावर आलीय, तेवढी होऊ द्या, मग खुशाल जा. पोरीचं वर्ष कशाला बुडवायचं? शरणप्पांचा मास्तरांच्या शब्दावर इतका विश्वास होता, की त्यांनी पुढं काही विचारलं नाही. शिवकांतालाही जायचं नव्हतं. तिनं आप्पांचा हात धरून परीक्षा द्यायचीय म्हणून सांगितलं.

घरी हे कळलं तेव्हा सारजाबाई भाकरी थापायच्या थांबल्या. "जाऊ द्यायचं व्हतं त्यास्नी," त्या म्हणाल्या. "परीक्षा काय, फुडल्या साली बी येती."

मास्तर उठून बाहेर गेले. त्यांना राग आला होता.

परीक्षा पुढं ढकलली गेली. दंग्याच्या भीतीनं तपासणीचे साहेब दौऱ्यावर निघेनात. मग नवी तारीख आली, तीही टळली. दर खेपेला शरणप्पा विचारत आणि दर खेपेला मास्तर सांगत, आता पंधरवडाच राहिला. ते खोटं सांगत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटे. जेठ संपता संपता एका सकाळी बार्शीकडून येणारी गाडी आली नाही. दुसऱ्या दिवशीही आली नाही. स्टेशनमास्तर म्हणाला, वरून हुकूम नाही, कधी सुरू होईल सांगता येत नाही. रस्त्यावरचे नाकेही बंद झाले. बैलगाड्या परत फिरवत होते.

धाराशिवच्या दवाखान्यात हे औषध नव्हतं. शरणप्पांनी हैदराबादला माणूस धाडला, तो रिकाम्या हातानं परत आला. मग बाटलीतलं औषध पुरवून वापरायला सुरुवात झाली. सुई निम्मी केली, तशी भाकरी बंद केली. डॉक्टरांनी सुरुवातीला सांगितलेलं मास्तरांच्या लक्षात होतं, की औषध कमी तर धान्य कमी. पोरीला ताक आणि पाल्याच्या भाज्यांवर ठेवलं. तिचे डोळे आत गेले. माठ पुन्हा दुपारीच रिकामा होऊ लागला. तरी ती रोज शाळेत यायची. शाळेत तेव्हा दहा-बारा मुलंच उरली होती.

शेवटी मास्तर म्हणाले, मी पायी जातो. रामलिंगाच्या रानातून डोंगर उतरून गेलं, तर नाके चुकवून दिवसभरात बार्शी गाठता येते. शरणप्पाही निघाले होते, पण गावात ते नसले तर घरात बायका एकट्या पडल्या असत्या. मुलीला बरोबर न्यावं, हाही विचार निघाला. पाऊस लागला होता, ओढे वाहत होते, आणि पोरीला घरातून ओट्यापर्यंत येताना दम लागत होता. एकटा माणूस झटकन जाऊन येईल असं सगळ्यांनाच वाटलं. घरात दोन दिवसांचं औषध होतं.

मास्तर पहाटेच निघाले आणि संध्याकाळी बार्शीला पोचले. डॉक्टर त्यांना ओळखत होते. मास्तरांनी सगळं सांगितलं. डॉक्टरांनी बाटल्या काढून दिल्या, पैसे घेतले नाहीत. मग विचारलं,

"मुलीला का नाही आणलंत?"

मास्तर पाऊस म्हणाले, ओढे म्हणाले. डॉक्टर ऐकत होते. "होळीच्या सुमारास गाडी चालू होती ना?" त्यांनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात ठपका नव्हता, ते नुसतं समजून घेत होते. मास्तरांनी बाटल्या धोतराच्या सोग्यात बांधल्या.

परतीच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी त्यांना नाक्यावरच्या लोकांनी धरलं. सरकारी नोकर, हद्दीपलीकडून चोरवाटेनं येतोय, धोतराच्या सोग्यात काचेच्या बाटल्या. कशाच्या बाटल्या? औषधाच्या. कुणाच्या औषधाच्या? माझ्या शाळेतल्या मुलीच्या. नाक्यावरच्यांना हसू आलं. मास्तर कुणाचा तरी निरोप्या असणार, असा त्यांचा समज झाला. चौकीत बसवून ठेवलं. वरचा अंमलदार येईल तेव्हा बघू म्हणाले. बाटल्या खिडकीच्या फळीवर ठेवल्या होत्या. पावसानं उघडीप दिली होती आणि दुपारभर ऊन त्या काचेवर पडे. मास्तरांनी हात जोडून सांगितलं, मला हवं तितकं ठेवा, पण बाटल्या पाण्याच्या घागरीपाशी ठेवा. एका वयस्क शिपायानं एकदा त्या सावलीला सरकवल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसराच होता.

तिकडून जाणाऱ्या ओळखीच्या एका पटवाऱ्यानं मास्तरांना पाहिलं आणि हमी दिली, तेव्हा सुटका झाली. तोवर चौथा दिवस लागला होता. मास्तर डोंगर धावतच चढले. बुटका जडसर माणूस, दोनदा घसरून पडले. बाटल्या छातीशी होत्या, त्या फुटल्या नाहीत.

शरणप्पांच्या दारात माणसं बसली होती. ती मास्तरांना बघून उठली आणि वाट दिली. आत शिवकांता पडली होती. श्वास मोठा, खोल, कुणी दुरून धावत आल्यासारखा. खोलीत पिकून उतरलेल्या फळासारखा गोडसर वास होता. मास्तरांनी विचारलं, कधीपासून? शरणप्पा म्हणाले, काल दुपारपासून बोलली नाही. त्याआधी ओकाऱ्या होत होत्या, आणि मास्तर आले का विचारत होती.

सुई उकळली. बाटलीतलं औषध नेहमीसारखं नितळ नव्हतं, त्यात बारीक कण तरंगत होते. दुसरी बाटली बघितली, तीही तशीच. जी त्यातल्या त्यात बरी वाटली तिच्यातून त्यांनी भरपूर औषध घेतलं आणि टोचलं. शांताक्का त्या वेळी परसात गेल्या नाहीत. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिल्या. थोड्या थोड्या वेळानं मास्तर पुन्हा सुई देत राहिले. दुपार कलली. श्वास हळू झाला, तेव्हा एकदा सगळ्यांना वाटलं की उतार पडतोय. शरणप्पांनी मास्तरांकडं आशेनं पाहिलं. मास्तरांना काय होतंय ते कळलं होतं, तरी त्यांनी पुन्हा सुई भरली. ऊन अंगणातून निघून गेलं, तेवढ्यात ती गेली.

लिंगायतांत देह जाळत नाहीत. कपाळाला विभूती लावून, गळ्यातलं लिंग हातात देऊन, ध्यानाला बसवल्यासारखं मातीत बसवतात. शिवकांताला तसंच बसवलं. खड्ड्यात ती भिंतीला टेकून बसलेली मास्तरांनी पाहिली आणि त्यांना शाळेच्या दाराशी सरकत खाली बसलेली ती आठवली. शरणप्पांनी पहिली माती टाकली. दुसऱ्यांदा मूठ भरून त्यांनी मास्तरांच्या हातात दिली. जातीबाहेरच्या माणसाला असं कुणी बोलवत नाही.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं, गाडी सुरू झाली. पुढच्या उन्हाळ्यात चौथीची परीक्षाही झाली. सिदू पास झाला. मास्तरांनी येडशीतून बदली मागून घेतली आणि भूमला गेले. शरणप्पा कधी वावगं बोलले नाहीत, आणि मास्तरांना तेच सोसत नव्हतं.

भूमच्या शाळेत त्यांचा आवाज पहिल्यासारखा राहिला नाही. पाढे पोरांकडूनच म्हणून घेत, आपण गप्प बसत. कुणी बाप मुलीचं नाव काढायला आला, तर ते मुकाट्यानं कागद पुढं ओढत. राहू द्या, असं एकदाही म्हणत नसत. एकदा एका हुशार मुलीचं नाव असंच कमी झालं. ती मुलगी दारात उभी राहून त्यांच्याकडं बघत राहिली होती. सारजाबाईंना ते कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एक शब्द तर बोलायचा." मास्तर म्हणाले, "माझ्या शब्दावर आता कुणी चालू नये."

बऱ्याच वर्षांनी भूमच्या आठवडी बाजारात, मिरच्यांच्या पाटीपाशी, कुणीतरी त्यांना हाक मारली. शांताक्का होत्या. केस पांढरे झाले होते. धाकट्या मुलीला भूमजवळ दिली होती, तिच्या बाळंतपणाला आल्या होत्या. शरणप्पा वारल्याचं त्यांनी सांगितलं. दोघं चिंचेखाली बसले. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग शांताक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या,

"मास्तर, एक इचारू का? लई वर्सं मनात हाय."

"विचारा, अक्का."

"दुपारची सुई देताना ती रडायची का? घरी तिचे आप्पा द्यायचे तवा म्या परसात जायची. मला बघवत न्हवतं. आई असून म्या कधी तिच्यापाशी बसले न्हाई. शाळंत ती काय करायची, त्ये मला कुणी सांगितलंच न्हाई."

मास्तरांना वाटत होतं, त्या दुसरंच विचारतील. इतकी वर्षं ते त्या दुसऱ्या प्रश्नाची वाट बघत आले होते.

ते म्हणाले, "नाही, रडायची नाही. पहिले चार दिवस डोळे घट्ट मिटायची. मग तिनंच एक खेळ काढला. सुई झाली की जेवायचं असायचं ना, तर डबा मांडीवर घेऊन बसायची आणि मी टोचेपर्यंत झाकणाला नाक लावून सांगायची, आज अव्वानं काय दिलंय ते. कारळाची चटणी, शेपूची भाजी, बरोबर ओळखायची. चुकायची नाही. कधी म्हणायची, आज अव्वा घाईत होती, भाजीत मीठ जास्त पडलंय. वासानं मीठ कसं कळतं, असं मी विचारायचो. म्हणायची, मला कळतं. तेवढ्यात सुई होऊन जायची."

शांताक्कांनी पदर तोंडावर घेतला. बाजार चालला होता, भावाची घासाघीस चालली होती. बऱ्याच वेळानं त्यांनी पदर काढला.

"शेपू तिला आवडायची न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाक मुरडायची. पण खायची."

शांताक्का किंचित हसल्या. मग मास्तरांनी ते बोलून टाकलं. "अक्का, होळीला मी थांबा म्हणालो नसतो..."

"त्ये बोलू नका," शांताक्का म्हणाल्या. "तुमी म्हनला, पर थांबलो आमी. तिचे आप्पा मरूस्तोवर सवताला बोल लावत व्हते. आता तुमी नगा लावू." त्या उठल्या, मिरच्यांची पिशवी उचलली आणि जावयाच्या गाडीकडं निघाल्या. जाताना सारजाबाईंना नमस्कार सांगा म्हणाल्या.

संध्याकाळी मास्तरांनी घरी सगळं सांगितलं. सारजाबाई ज्वारी निवडत ऐकत होत्या.

"समदं सांगितलं का तिला?" त्यांनी विचारलं.

"न्हाई," ते म्हणाले. "शेवटी शेवटी डब्यात नुसतं ताक असायचं. तरी ती झाकणाला नाक लावून पुरणपोळी म्हणायची आणि माझ्याकडं बघून हसायची. तेवढं न्हाई सांगितलं."

सारजाबाईंनी सुपातला खडा उचलून अंगणात टाकला. "बरं केलं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा ज्वारी निवडू लागल्या.